गाडीचं पाणी

गाडी आली ती रेशमी चादरीखाली झाकून आली. चादर काढल्यावर वहिनींना वाटलं, झाकलेलीच बरी होती.

चांदीसारखा रंग, पोट खपाटीला गेलेलं आणि एकूण आकार वापरून वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीचा. दारांना मुठी नाहीत, मागचं दिसायला आरसे नाहीत, काच खाली करायची सोय नाही. आत बसणाऱ्याने गुडघे कानाशी घेऊन बसायचं. आणि या वडीभोवती दहा-बारा शिकलीसवरलेली माणसं अशी श्वास रोखून उभी होती की जणू आतल्या खोलीतून बाळच बाहेर आणलंय आणि आता ते कुणासारखं दिसतं हे ठरवायचंय.

गाडीचा आकार काढणाऱ्याला सगळे शिल्पकार म्हणायचे. म्हणायचे म्हणजे काय, त्यानेच आपल्या कार्डावर तसं छापून घेतलं होतं आणि कुणी हसलं नव्हतं. तो डोळे मिटून म्हणाला, "ही गाडी नाही. हा एक श्वास आहे."

"असेल," वहिनी म्हणाल्या. "माझी पेटी त्या श्वासात कुठे बसवायची?"

शिल्पकाराने पुढचं झाकण उघडून दाखवलं. आत पांढऱ्या मऊ चामड्याने मढवलेली एक जागा होती. तिच्यात बुटांचं एक खोकं बसलं असतं, तेही लहान मुलाच्या बुटांचं.

"पेटी ट्रंकेएवढी आहे," वहिनी म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी मापं पाठवली होती मी. तीन वेळा."

"थोडी लहान करून घ्या ना," शिल्पकार म्हणाला. बाही सैल झालीय, जरा उसवून आत घ्या, अशा सुरात.

अशा माणसांवर शब्द खर्च करणं वहिनींनी फार पूर्वीच सोडून दिलं होतं. जगात दोन प्रकारची माणसं असतात, काम करणारी आणि कामाला नाव देणारी, आणि दुसरी नेहमी वरच्या मजल्यावर बसतात, असं त्यांचं मत होतं. ते फारसं चुकीचं होतं असंही नाही. त्यांच्या कंपनीत तर ते जिन्याच्या पायऱ्या मोजून सिद्ध करता आलं असतं.

वहिनी स्वतः तळघरात बसायच्या. आता त्या वहिनी कशा झाल्या ते सांगायला हवं, कारण त्यांना ते नाव अजिबात आवडत नसे. पहिली आठ वर्षं सगळे त्यांना मॅडम म्हणत. मग त्यांच्या धाकट्या दिराला नोकरी हवी होती. नवऱ्याने गळ घातली, म्हणून वहिनींनी शब्द टाकला आणि भाऊजी प्रसिद्धी खात्यात चिकटले. पहिल्याच बैठकीत, भर तीस माणसांत, भाऊजी म्हणाले, "वहिनी, जरा ते पाणी इकडे सरकवता का?" संपलं. महिनाभरात दारावरच्या रखवालदारापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्या त्या वहिनी झाल्या. पदवी गेली, हुद्दा गेला, राहिलं ते दिराचं नातं. आपणही इथे वहिनीच म्हणू, कारण आता दुसरं काही म्हटलं तर कंपनीत कुणाला कळणार नाही. तळघरातले एकटे फिटरमामा तेवढे अजून मॅडम म्हणत.

त्यांची पेटी म्हणजे फ्युएल सेल. सांगायला सोपी गोष्ट आहे. एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने साधी हवा, मध्ये एक पातळ पडदा. हायड्रोजनचा एक भाग पडद्यातून गुपचूप पलीकडे जातो. दुसऱ्याला पडदा वाट देत नाही, म्हणून त्याला तारेतून लांबचा फेरा मारून जावं लागतं. त्या फेऱ्यालाच आपण वीज म्हणतो आणि तिच्यावर मोटर फिरते. पलीकडे दोघांची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते आणि पाणी तयार होतं. धूर नाही, काजळी नाही, फक्त पाणी. असा एक पडदा म्हणजे एक घर. एका घरातून पाऊण व्होल्टसुद्धा धड निघत नाही, म्हणून तीनशे वीस घरं एकाला एक चिकटवून रचायची आणि दोन्ही टोकांना जाड पोलादी पाट लावून आवळायची. झाली पेटी. सांगायला एक परिच्छेद लागला. करायला वहिनींना आणि मामांना अकरा वर्षं लागली.

आणि आता त्या अकरा वर्षांचा निकाल लागायचा होता. शहराच्या बस खात्याला दोनशे नव्या बस घ्यायच्या होत्या आणि त्या कशावर चालवायच्या हे ठरवायला त्यांचे मुख्य मेकॅनिक गाडीच्या अनावरणाला येणार होते. त्यांनी होकार दिला तर पेटी बसमध्ये जाणार. नकार दिला तर महिनाअखेरीस तळघर बंद, यंत्रं भंगारात, मामा घरी. हे मोठ्या साहेबांनी बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं आणि सांगताना बिस्कीट खाल्लं.

मोठ्या साहेबांविषयी फार बोलण्यासारखं नाही. हायड्रोजन आणि हायड्रॉलिक ही त्यांच्या लेखी एकाच आईची लेकरं होती. पण त्यांना एक शब्द मिळाला होता, संकल्पना, आणि तो त्यांना हातात काठी आल्यासारखा उपयोगी पडत होता.

"हॉल आपल्याच इमारतीतला, पण हॉलवाले सिलिंडर आत आणू देत नाहीत," वहिनींनी बैठकीत सांगितलं. "आणि पेटी त्या गाडीत बसत नाही. मग गाडी चालणार कशावर?"

"बॅटरीवर," साहेब म्हणाले. "सीटखाली एक छोटी ठेवलीय. पन्नास पावलं चालली की झालं."

"म्हणजे हायड्रोजनची गाडी हायड्रोजनवर चालणार नाही."

"वहिनी, ही संकल्पना गाडी आहे. संकल्पनेत सगळं चालतं."

"आणि पाणी?" शिल्पकार म्हणाला. "मागून पाणी यायला पाहिजे. सगळी कविता त्या पाण्यात आहे."

तेव्हा भाऊजींनी हात वर केला. भाऊजींना कल्पना सुचली की त्यांचे कान आधी लाल होत. लहानपणापासून होत असत, असं वहिनींच्या सासूबाई कौतुकाने सांगायच्या. "मागच्या बंपरच्या आत एक बाटली बसवू," भाऊजी म्हणाले. "नळीला बारीक तोटी. गाडी थांबली की थेंब थेंब पाणी काचेच्या पेल्यात. साहेब तो पेला उचलतील आणि सगळ्यांसमोर पितील."

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. वहिनींनी टेबलावरच्या बिस्किटांकडे पाहत आपलं हसू गिळलं.

"त्या बसवाल्यांना नंतर माझ्याकडे खाली पाठवा," त्या एवढंच म्हणाल्या. "खरी पेटी चालू ठेवते."

"हो हो, चहा झाला की पाठवतो," साहेब म्हणाले. वहिनींना तेवढं पुरे होतं. वर काय ती सर्कस होऊ दे. सर्कस बघून आलेला माणूस खाली खरं काम बघेल तेव्हा त्याला फरक जास्तच कळेल, असा त्यांचा हिशेब होता.

तळघरात मामा पेटीचे बोल्ट तपासत होते. पेटीचे बोल्ट ओळीने आवळायचे नसतात. एक इकडचा, मग त्याच्या समोरचा तिकडचा, मग आडवा, असं थोडंथोडं सगळीकडून, नाहीतर पाट तिरका बसतो आणि पडदे चिरडतात. मामा हे घड्याळाकडे न बघता दोन तास करू शकत आणि मध्ये एक शब्दही बोलत नसत. वहिनींच्या मते कंपनीत पूर्ण अकलेचा हा एकच माणूस होता.

"बसवाले येणार ना, मॅडम?" त्यांनी पान्हा न थांबवता विचारलं.

"येणार. तुम्ही सकाळी आठलाच चालू करा. तापायला वेळ मिळेल."

"खुर्ची आणून ठेवतो मग एक. वरून येणारा माणूस, दोन जिने उतरून. दमला असेल."

अनावरणाच्या आदल्या दिवशी दुपारी भाऊजी तळघरात आले. ते सहसा येत नसत, कारण तळघरात त्यांच्या बुटांना ग्रीस लागायचं. हातात एक बाटली होती, निळसर काचेची, गळ्याला चांदीची कडी असलेली, आणि ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"वहिनी, बघा. मुद्दाम मागवली. डोंगरातल्या झऱ्याचं आहे. जगातलं सगळ्यात शुद्ध पाणी. मागे लिहिलंय सगळं, कॅल्शियम किती, मॅग्नेशियम किती. म्हटलं, साधं नळाचं भरलं तर कुणी तरी म्हणेल. आपल्याला फसवाफसवी नको."

वहिनींनी बाटली हातात घेतली, मागची चिठ्ठी वाचली, आणि त्यांच्या पोटात आनंदाची अशी उकळी फुटली की तोंड सरळ ठेवणं कठीण झालं. कारण गंमत अशी होती की पेटीतून निघणाऱ्या पाण्यात काही म्हणजे काहीच नसतं. कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही, चव नाही. दोन वायूंची गाठ पडून झालेलं पाणी ते, डोंगराला कधी शिवलेलंच नाही. वहिनी रोज सकाळी पेनाएवढं एक यंत्र त्या पाण्यात बुडवून विरघळलेल्या क्षारांचा आकडा बघत. आकडा दोन आला, तीन आला, तर पेटी ठणठणीत. वीसच्या पुढे गेला की समजायचं, आत कुठे तरी धातू झिजतोय. आणि हा शहाणा, हा प्रसिद्धीतला राजपुत्र, शुद्ध शुद्ध म्हणत असं पाणी घेऊन आला होता की त्याचा आकडा तीनशेच्या खाली येणं शक्य नव्हतं. नळाचं भरलं असतं तरी परवडलं असतं. निदान त्याला चांदीची कडी नसती.

"ठीक आहे ना, वहिनी?" भाऊजींनी विचारलं. त्यांचे कान लाल झाले होते. "तुम्हाला त्यातलं कळतं, म्हणून आधी तुम्हालाच दाखवायला आणलं."

इथे एक वाक्य पुरलं असतं. भाऊजी, हे चालणार नाही, आमच्याकडचं न्या. दहा शब्दसुद्धा झाले नसते. पण तीन वर्षांचं ते वहिनी, ते भर बैठकीतलं पाणी सरकवणं, त्या टाळ्या, ते बिस्कीट, सगळं वहिनींच्या घशाशी आलं.

"उत्तम आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "याहून शुद्ध कुठे मिळणार?"

भाऊजी खुशीत जिना चढून गेले. जाताना एका पायरीवर थांबून त्यांनी रुमालाने बूट पुसले.

संध्याकाळी जेवताना वहिनींनी नवऱ्याला सगळी हकीकत सांगितली. भाऊजींच्या चालीची, बाटली धरायच्या पद्धतीची नक्कलही केली. नवरा घास हातात धरून हसला. सख्ख्या भावावर हसायला त्याला नेहमीच आवडायचं. मग त्याने घास खाली ठेवला.

"पण त्याला सांगितलंस ना तू?"

"मी कशाला सांगू? मला कुणी विचारून गाडी बनवली का?"

"अगं, त्याने तर विचारलंच तुला."

"विचारलं, आणि मी उत्तर दिलं. आता कुणी तो पेला मोजायला बसणार आहे का? आणि मोजलाच कुणी, तर त्यांचंच नाक कापलं जाईल. माझं काय जातंय? मी तळघरात आहे."

नवऱ्याने वाटी पुढे केली आणि वहिनींनी त्यात आमटी वाढली.

सकाळी हॉल फुलांनी भरला होता. खुर्च्यांना पांढरे कपडे, स्टेजवर धूर सोडायचं यंत्र. धूर न सोडणाऱ्या गाडीच्या स्वागताला धूर सोडायचा ही कुणाची अक्कल, असं वहिनींनी शेजारच्या माणसाला विचारलं. तो शिल्पकाराचा मदतनीस निघाला, त्यामुळे उत्तर मिळालं नाही.

पहिल्या रांगेत कडेला बस खात्याचे मुख्य मेकॅनिक बसले होते. पन्नाशी उलटलेले, जाड भिंगांचा चष्मा, कितीही धुतली तरी काळीच राहणारी नखं. बूट झिजलेले, पण स्वच्छ. हार घालायला आलेल्या मुलीला त्यांनी हार हातातच द्यायला सांगितलं आणि तो शेजारच्या खुर्चीवर ठेवला. वहिनींना माणूस एकदम पसंत पडला. हा आपल्यातला, त्यांना वाटलं. याला ही सगळी सोंगं कळतायत. खाली आला की याच्याशी नीट बोलता येईल.

साहेबांनी भाषण केलं. त्यात संकल्पना हा शब्द सतरा वेळा आला. वहिनी मोजत होत्या. शिल्पकार श्वासावर बोलला. मग धूर सुटला, पडदा सरकला आणि साबणाची वडी दिव्यांच्या झोतात हळूहळू पुढे आली, पन्नास पावलं चालली आणि थांबली. लोकांनी फोन वर धरले. मागच्या बाजूने थेंब पडायला लागले, अगदी तालात, काचेच्या पेल्यात. पेला अर्धा भरल्यावर साहेबांनी तो उचलला, सगळ्यांना दाखवला आणि गटागटा पिऊन टाकला.

"अमृत!" साहेब म्हणाले. "या गाडीतून बाहेर पडतं ते फक्त शुद्ध पाणी. आणि हे कसं होतं ते आमच्या वहिनी सांगतील. अकरा वर्षं यावरच काम करतायत त्या. या, वहिनी."

हे ठरलेलं नव्हतं. वहिनी उठल्या, गाडीपाशी गेल्या, आणि त्यांनी खाली मान घालून पडद्याचं, तारेतल्या फेऱ्याचं, तीनशे वीस घरांचं सांगितलं. आपल्या पेटीबद्दल बोलायला लागलं की त्यांना थांबता येत नसे, त्यामुळे त्या चांगलंच बोलल्या. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. फक्त ज्या गाडीवर हात ठेवून त्या बोलत होत्या, तिच्यात त्यातलं काही नव्हतं.

बोलणं संपल्यावर बस खात्याचे मेकॅनिक उठून पुढे आले. "मला मिळेल का थोडं पाणी?" त्यांनी विचारलं.

भाऊजी पळतच दुसरा पेला घेऊन आले, तोटीखाली धरला, भरून दिला. मेकॅनिक तो प्यायले नाहीत. त्यांनी शर्टाच्या खिशातून पेनासारखं काही तरी काढलं, त्याचं टोपण काढलं आणि टोक पाण्यात बुडवलं.

पेन दिसताच वहिनींनी चेहरा गाडीकडे वळवला. त्या पेनाची त्यांना चांगली ओळख होती. बसच्या बॅटऱ्यांत डिस्टिल्ड पाणी घालावं लागतं आणि ते पुरवणारे लोक डेपोच्या गळ्यात हमखास साधं पाणी मारतात. ज्या डेपोतल्या माणसाला आपल्या बॅटऱ्या प्याऱ्या असतात, तो असं पेन खिशात घेऊनच फिरतो. हे वहिनींना कुणी शिकवायला नको होतं. आठवायला मात्र हवं होतं.

मेकॅनिकनी चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला. पुन्हा पेन झटकून बुडवलं, पुन्हा वाचला. मग त्यांनी साहेबांकडे पाहिलं नाही, भाऊजींकडे पाहिलं नाही. सरळ वहिनींकडे पाहिलं.

"तीनशे दहा," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही जाणकार आहात, म्हणून तुम्हाला विचारतो. हे पाणी या गाडीने बनवलंय?"

सगळा हॉल पाहत होता. भाऊजींच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं, कारण तीनशे दहा म्हणजे चांगलं की वाईट हे त्यांना ठाऊक नव्हतं. साहेबांना ते कळलं नव्हतं, पण काही तरी बिनसलंय एवढं कळलं होतं आणि ते मागून वहिनींच्या पाठीकडे डोळे वटारून पाहत होते. हो म्हणावं तर समोर आकडा. नाही म्हणावं तर आताच ज्या गाडीवर हात ठेवून बोललो, ती गाडी. वहिनींच्या तोंडून जे आलं ते ऐकून त्यांची त्यांनाच शिसारी आली.

"ही संकल्पना गाडी आहे," त्या म्हणाल्या.

"असं होय," मेकॅनिक म्हणाले. त्यांनी पेन रुमालाने पुसलं, टोपण लावलं, खिशात ठेवलं, पेला गाडीच्या चकचकीत टपावर ठेवला आणि ते दाराकडे चालायला लागले. शिल्पकार ओरडला, कारण पेल्याच्या बुडाला पाणी होतं आणि रंगावर डाग पडला असता.

वहिनी त्यांच्या मागे धावल्या. त्यांनी त्यांना बाहेरच्या बोळात, लिफ्टपाशी गाठलं. "साहेब, एक मिनिट. वरचं सगळं विसरा. मी तळघरात काम करते. खाली खरी पेटी चालू आहे, आत्ता, या क्षणी. दोनच जिने. तुमचं पेन घाला तिच्या पाण्यात. दोन आकडा येईल. तीन येईल फार तर."

"येईलही," ते म्हणाले. "तुम्ही या सगळ्यांच्या वहिनी ना?"

"मी... हो. पण मी इंजिनियर आहे. ती बाटली माझी नाही."

"पण माहीत होतं तुम्हाला." त्यांनी विचारलं नाही, नुसतं सांगितलं. "मी पेन काढलं तेव्हा तुमचा चेहरा बघितला मी. बाकी कुणाला काही कळलं नव्हतं. तुम्हाला ते पेन निघायच्या आधीच कळलं होतं."

"ते मूर्ख आहेत हो सगळे. मला त्यांच्या नादी लागायचं नव्हतं, म्हणून मी..."

"त्यांना मी मूर्ख म्हणतो. त्यांना कळत नाही." लिफ्ट आली, त्यांनी दार हाताने धरून ठेवलं. "चोवीस वर्षं पाणी मोजतोय मी. कुणी न कळून चुकीचा कॅन आणला तर परत पाठवतो, दुसरा आणायला सांगतो. पण जाणून आणला, तर त्याच्या दुसऱ्या कॅनमध्ये मी पेनच घालत नाही. खाली तुमची पेटी खरी असेल. तिच्याखाली बाटली लपवलेली नाही हे शोधत मी कुठे वाकत बसू? माझ्या बसमध्ये माणसं बसतात."

"साहेब, तुम्ही नुसतं बघा तरी."

"नाही, मॅडम," ते म्हणाले. तीन वर्षांत वरच्या मजल्यावर त्यांना पहिल्यांदाच कुणी मॅडम म्हणत होतं. लिफ्टचं दार बंद झालं.

हॉलमधून टाळ्या ऐकू येत होत्या. भाऊजी लोकांना गाडीसोबत फोटो काढून देत असावेत. वहिनींच्या मनात आलं, आत जावं, त्या दिराच्या दोन थोबाडीत द्याव्यात, साहेबांना चारचौघांत सोलून काढावं. पण आत जाऊन त्या सांगणार काय होत्या? भाऊजींनी विचारलं होतं. दोन्ही हातांनी बाटली धरून, जिने उतरून, बुटांना ग्रीस लागेल हे माहीत असूनही विचारायला आले होते. त्या बेअक्कल माणसाने आयुष्यात एकदा अकलेची गोष्ट केली होती आणि ती नेमकी वहिनींच्याच दारात केली होती. हॉलमधल्या एकाही माणसाविषयी वहिनींना जेवढी किळस कधी वाटली नव्हती, तेवढी बोळातल्या काचेत दिसणाऱ्या बाईविषयी वाटली.

त्या जिना उतरून खाली गेल्या. तळघरात मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. फरशी पुसून काढली होती, खुर्चीवर घडी करून स्वच्छ फडकं ठेवलं होतं. पेटी चालू होती. तिचा आवाज असा नव्हताच, फक्त हवेच्या पंख्याची घरघर आणि नळीतून पडणारं पाणी. मोजणीच्या पाटीवर तीनशे वीसच्या तीनशे वीस घरांचे दिवे हिरवे होते. इतकं सगळं एकदम सुरळीत कधी चालत नसे.

"आले का?" मामा जिन्याकडे बघत म्हणाले.

"नाही येणार."

"म्हणजे नंतर येणार?"

"नाही येणार, मामा. संपलं." आणि वहिनींनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बाटली, पेन, तीनशे दहा. सांगताना नेहमीच्या सवयीने त्यांनी सुरुवातीला भाऊजींची चेष्टा करायचा प्रयत्न केला, पण मामा हसले नाहीत आणि त्यांनाही ते पुढे जमलं नाही.

मामांनी सिलिंडरचा कॉक हळूहळू बंद केला. एकदम बंद करायचा नसतो. दिवे एकेक करून मावळत गेले.

"बाटली दुपारी इथे आणली होती म्हणालात," ते म्हणाले. "काल. मी कुठे होतो?"

"जेवायला गेला होतात."

"आल्यावर मला का नाही सांगितलंत?"

वहिनींनी खुर्चीवरच्या फडक्याची घडी उलगडून पुन्हा घातली.

मामांनी कोपऱ्याकडे हात केला. भिंतीलगत वीस-वीस लिटरचे पांढरे कॅन उभे होते, सहा की सात, गळ्यापर्यंत भरलेले. गेल्या पंधरवड्यात पेटीतून निघालेलं पाणी होतं ते, फेकायला कुणाला सवड झाली नव्हती.

"आपलंच भरून दिलं असतं की त्यांच्या बाटलीत," मामा म्हणाले. "मी वर नेऊन दिलं असतं, मॅडम. मला काय, जिने चढायची लाज नाही."